सेवा आणि सुवार्ता : एका संग्रहाची प्रस्तावना

महाराष्ट्रात मिशनऱ्यांचा विषय निघाला की बोलणे दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक वाट कृतज्ञतेची. कोणी शिकवत नव्हते तेव्हा त्यांनी शाळा काढल्या, कोणी शिवत नव्हते तेव्हा कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या. दुसरी वाट संशयाची. हे सगळे केले, पण केले कशासाठी? बाटवण्यासाठीच ना? दोन्ही बाजूंना उदाहरणे मात्र तीच पुरतात: मिरजेचा दवाखाना, केडगावचे मुक्तिसदन, नगरच्या शाळा. दोन्ही बाजू देणाऱ्याच्या मनात डोकावतात आणि तिथे आपल्याला हवे ते शोधून काढतात. घेणाऱ्याला कोणी विचारत नाही. शाळेत मूल धाडणारा बाप, दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली बाई, दुष्काळात मिशनच्या दारी आलेले कुटुंब यांनी काय घेतले, काय नाकारले आणि नाकारायची मुभा त्यांना कितपत होती? प्रस्तुत संग्रह या प्रश्नाभोवती उभा आहे. विषयाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्या वाचकासाठी त्याचा नकाशा मांडणे, एवढे या प्रस्तावनेचे काम.

ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने सेवा आणि सुवार्ता ही मुळात दोन वेगळी खाती नाहीत. शुभवर्तमानांतला येशू उपदेश करतो तसाच आजाऱ्यांना बरेही करतो. भुकेल्याला अन्न दिले ते मलाच दिले, असे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो म्हणतो. लूकने सांगितलेल्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाला उचलतो तो परक्या समाजातला शोमरोनी. सेवेकडे पाहून लोक धर्माकडे ओढले जातात, ही गोष्टही फार जुनी. चौथ्या शतकात रोमचा सम्राट जुलियन जुन्या देवदेवतांची पूजा पुन्हा रुजवू पाहत होता. हे गालीलवाले (म्हणजे ख्रिस्ती) आपल्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात, अशी तक्रार त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात केली, आणि आपल्या मंदिरांनीही तसेच करावे असे बजावले. सेवेमागच्या हेतूबद्दल संशय घ्यायचा आणि त्याच सेवेचे अनुकरणही करायचे, ही जोडी पुढे आपल्याकडेही पुन्हा पुन्हा दिसते.

आपल्या किनाऱ्यावर ही कथा गोव्यात सुरू होते, आणि तिथेच तिची उजळ व काळी अशा दोन्ही बाजू दिसतात. फ्रान्सिस झेवियर १५४२मध्ये गोव्यात उतरला तो इस्पितळात राहून रोग्यांची शुश्रूषा करू लागला. गरिबांना आणि विधवांना मदत करणारी मिझेरिकॉर्दिया ही संस्था त्याच शतकातली. पण १५५९च्या पोर्तुगीज राजाज्ञेने आणि तिच्या पुढच्या अंमलबजावणीने बाप गमावलेली हिंदूंची मुले ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवण्याची सोय केली. अनाथाला आसरा मिळतो, पण आई किंवा आजा जिवंत असताना त्याच्या धर्माचा निर्णय राजा घेतो. याला सेवा म्हणायचे की जबरदस्ती, हे ठरवायला मिशनऱ्याचे मन तपासण्याची गरज पडत नाही. त्या आजोबाला नाही म्हणता आले असते का, एवढे विचारले की पुरे.

ब्रिटिश अमलातल्या मराठी मुलखात परिस्थिती वेगळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला पोचले तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघाले होते. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. नुसत्या प्रवचनाला फारसे कोणी येत नव्हते, शाळेला मात्र मुले येत. १८१५मध्ये शाळा निघाली, १८२४मध्ये मुलींची. १८२९मध्ये मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन यांनी मुलींच्या शाळांचा विस्तार केला. १८३१मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) अमेरिकन मिशनचे ठाणे पडले, १८४२मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, आणि मुलींच्या शाळेची धुरा सिंथिया फरार यांनी १८६२मध्ये नगरलाच मृत्यू येईपर्यंत वाहिली.

या शाळांवर पहिली हरकत बाहेरच्यांनी घेतली असे समजायचे कारण नाही. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५मध्ये पाहणीला आले. इंग्रजी शाळांतून नोकरदार तयार होतात, ख्रिस्ती होत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी त्या शाळांना कात्री लावली आणि मातृभाषेतल्या उपदेशावर भर दिला. सेवेने सुवार्ता पुढे जाते की सेवा सुवार्तेला गिळून टाकते, हा वाद मिशनच्या घरातलाच आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

दवाखान्यांत हा वाद रोज सकाळी दिसे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मिशन दवाखान्याचा शिरस्ता साधारण असा: बाहेरच्या ओसरीवर रोगी जमत, बैलगाड्यांतून आलेले नातेवाईक सोबत असत. डॉक्टर तपासायला बसण्याआधी कोणी शास्त्रातला उतारा वाची, प्रार्थना होई, एखादे गीत होई, मग चिठ्ठ्या वाटल्या जात. ऐकणाऱ्यांत वारकरी असत, मुसलमान असत, लिंगायत असत. बहुतेक जण ऐकून घेत, औषध घेऊन गावी परतत आणि पुढच्या दुखण्याला पुन्हा येत. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४मध्ये इस्पितळ उभारले आणि १८९७मध्ये वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. त्यांच्या शस्त्रक्रियांची कीर्ती दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकभर पसरली. क्षयरोग्यांसाठी उभ्या राहिलेल्या वस्तीला लोकांनी वानलेसवाडी म्हटले ते आजतागायत. मात्र या लोकप्रियतेच्या मानाने चर्चची सभासदसंख्या वाढली नाही. ओसरीवरचे प्रवचन आणि आतली शस्त्रक्रिया यांतले काय घ्यायचे, ते रोग्यांनी आपले आपण ठरवले होते.

दुष्काळात मात्र ही निवड इतकी मोकळी राहत नाही. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तीन दुष्काळांनी मिशनकार्याचा चेहरा बदलला. अन्नछत्रे, मजुरीची कामे, अनाथालये निघाली, आणि पाठोपाठ बाप्तिस्म्यांची संख्याही चढली. पोटासाठी धर्म सोडला, हा टोमणा नगर जिल्ह्यातल्या कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. तो अर्धाच खरा आहे. यांतली बहुतेक कुटुंबे महार आणि मांग समाजातली होती. ज्या धर्मात त्यांना विहिरीवर आणि देवळात मज्जाव होता तो सोडताना भाकरीसोबत माणुसकीचाही हिशेब असू शकतो. पण उपाशी पोटी केलेल्या निवडीला कितपत निवड म्हणायचे, हा प्रश्न टोमण्याबरोबर उडवून लावता येत नाही. अनाथ लेकरांच्या बाबतीत तर तो अधिकच टोकदार आहे, कारण त्यांच्या वतीने ठरवणारे दुसरेच होते.

हा सगळा पेच एका घरात पाहायचा तर पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात पाहावा. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊन, पुढे अमेरिकेत निधी उभा करून रमाबाई परतल्या आणि १८८९मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. संस्था धर्मनिरपेक्ष राहील हे ठरलेले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर होते. मुलींना आपापली सोवळी-ओवळी पाळता येत, स्वयंपाकाची व्यवस्था त्याप्रमाणे होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत रोज प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे होते की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात माझा धर्म लपवणारही नाही. विरोधकांचे म्हणणे होते की जिने आसरा दिला, शिकवले, आईची जागा घेतली, तिच्या उघड्या दाराची ओढ हीच सक्ती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्या मुलींना स्वतःला काय वाटत होते, याची नोंद मात्र त्या गदारोळात फारशी कोणी ठेवली नाही.

घेणारे किती स्वतंत्र बुद्धीचे निघू शकतात हे मराठी इतिहासाइतके क्वचितच कुठे दिसत असेल. जोतीराव फुले पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिस फरार यांची शाळा पाहून प्रभावित झाले आणि १८४८मध्ये मुलींची शाळा काढून बसले. त्यांनी शाळा घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. पुढे निर्मिकाचा आपला धर्म मांडला. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, पण इंग्लंडमधल्या धर्मभगिनींनी सांगितलेला सिद्धांत मुकाट्याने स्वीकारला नाही. उलट हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे स्वतःचे मराठी भाषांतर केले, आणि केडगावला त्यांनीच काढलेल्या मुक्तिसदनाच्या छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले, नगरच्या मिशनमध्ये राबले आणि १९१७मध्ये पगार सोडून ‘देवाचा दरबार’ मांडून बसले. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्या दरबारात चालणार होते. दलित ख्रिस्ती कुटुंबांनी अक्षर घेतले, पण मंडळीत शिरल्यावर जात मागे राहिली नाही, हेही अनुभवले. डॉ. आंबेडकरांनी याच जागी बोट ठेवले. मिशनऱ्यांच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ बव्हंशी वरच्या जातींनी घेतला आणि अस्पृश्य ख्रिस्ती जिथल्या तिथे राहिला, अशी त्यांची परखड टीका होती.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या १ टक्क्यालाही किंचित कमी भरले. त्यांतही वसई-मुंबईकडच्या कॅथलिक समाजाचा इतिहास पोर्तुगीज काळात जातो. दोनशे वर्षांच्या शाळा-दवाखान्यांचे माप केवळ धर्मांतराच्या पट्टीने काढले तर ते काम फसलेच म्हणावे लागेल. समाजातल्या बदलाच्या पट्टीने ते अफाट यशस्वी ठरते. कोणती पट्टी वापरायची यावरच ख्रिस्ती विचारांतले संप्रदाय वेगळे होतात.

पहिला विचार सेवेला दार मानतो: शाळा आणि दवाखाना उपदेशासाठी जमीन तयार करतात, खरे ध्येय आत्म्याचे तारण. दुसरा विचार उदारमतवाद्यांचा. १९३२मध्ये विल्यम हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन पाहणी समितीने सुचवले की सेवा सेवेसाठीच करावी, तिला प्रचाराचे जू लावू नये. त्याला हेन्ड्रिक क्रेमर यांनी १९३८च्या तांबरम परिषदेनिमित्त कडवे उत्तर दिले. तिसरा विचार या दोन टोकांना कंटाळून पुढे आला. १९७४च्या लोझान परिषदेत जॉन स्टॉट यांच्यासारख्या इव्हँजेलिकल नेत्यांनी सुवार्ता आणि सामाजिक जबाबदारी ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये असल्याचे मान्य केले. लॅटिन अमेरिकेतले रेने पदिया आणि सॅम्युएल एस्कोबार ‘समग्र सेवाकार्य’ म्हणून त्याच्याही पुढे गेले. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५पर्यंत संवाद आणि न्याय यांना मध्यवर्ती जागा दिली, आणि २००५मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी स्पष्ट लिहिले की दानधर्म हे धर्मांतराचे साधन होता कामा नये. चौथा विचार आपल्या मातीतला. १९८०च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी मांडलेले दलित ईश्वरविज्ञान सेवेच्या कल्पनेलाच प्रश्न करते: जो नेहमी देतो तो वर आणि जो नेहमी घेतो तो खाली, ही उतरंड तशीच ठेवून कसली सुवार्ता?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर एका ख्रिस्ती दांपत्याने नगर जिल्ह्यातच दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७०मध्ये जामखेडला आले. दुष्काळाचा टापू, आणि लोकांची पहिली मागणी डॉक्टरची नव्हतीच, अन्नपाण्याची होती. कूपनलिका खणायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी भूजलतज्ज्ञाला सांगितले की जागा दलित वस्तीत शोधा. पाणी तिथे लागले की गावाला तिथे यावे लागे. हंडा घेऊन सवर्ण बाई दलित वस्तीतल्या पंपाशी रांगेत उभी राहिली, ही घटना कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त बोलली. पुढे निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना त्यांनी ग्रामआरोग्य सेविका केले. काल ज्यांची सावली टाळली जात होती, त्यांच्याच हाती बाळंतपणे आली. या कामाची दखल जिनिव्हाच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगामार्फत जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत गेली, आणि १९७८च्या अल्मा आटा जाहीरनाम्यामागच्या विचाराला तिचा हातभार लागला. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोळे आपली श्रद्धा लपवत नव्हते, पण जामखेडात कोणाला औषधासाठी ती ऐकावी लागली नाही.

टीकेचीही एक परंपरा आहे आणि ती नीट वाचायला हवी. रोग्याच्या असहायतेचा धर्मांतरासाठी उपयोग करू नका, असे गांधीजींनी मिशनऱ्यांना वारंवार सुनावले. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६च्या अहवालात वैद्यकीय आणि अन्य सेवांचा धर्मांतरासाठी थेट वापर कायद्याने बंद करण्याची शिफारस केली. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. दुसरीकडे या टीकेबरोबरच अनुकरणही चालू होते. १८९७मध्ये विवेकानंदांनी रामकृष्ण मिशन स्थापन केले. ऑक्सफर्डला युनिटेरियनांकडे शिकून आलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६मध्ये अस्पृश्यांसाठी काढलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावातही मिशन होते. १९५२मध्ये जशपूरला बाळासाहेब देशपांड्यांनी वनवासी कल्याण आश्रम काढला तो मिशनऱ्यांना उत्तर म्हणून, आणि त्याचीही साधने शाळा, वसतिगृह आणि दवाखाना हीच होती.

आज या विषयाला नवी निकड आली आहे. अनेक राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांत ‘प्रलोभन’ हा शब्द मध्यवर्ती झाला आहे. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्यात धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षण आणि चांगल्या राहणीमानाचे आश्वासनही त्या व्याख्येत येते. मग सेवा कुठे संपते आणि आमिष कुठे सुरू होते, याचा निवाडा पोलीस ठाण्यात व्हायची वेळ येते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीकडे निधी वळवण्याला बंदी घातली, त्यामुळे लहान संस्थांचे काम अडले. जुने मिशन दवाखाने खासगी इस्पितळांच्या स्पर्धेत टिकण्यासाठी फी वाढवतात आणि ज्यांच्यासाठी ते निघाले त्यांनाच दुरावतात. १९५०च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत. म्हणजे श्रद्धेच्या निवडीला आर्थिक किंमत मोजावी लागते, पण आमिषाच्या चर्चेत हा उलटा दाब कोणी मोजत नाही.

चर्चनेही आपल्या बाजूने नियम घालून घेतले आहेत. १९९४च्या रेड क्रॉस आचारसंहितेवर सही करणाऱ्या ख्रिस्ती संस्था मदतीतून धर्ममत पुढे न रेटण्याचे वचन देतात. २०११मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून काढलेल्या निवेदनात गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेऊन धर्मांतर करणे स्पष्टपणे निषिद्ध ठरवले. एरवी एकमेकांशी फारसे न जमणारे हे तीन गट या मुद्द्यावर एकत्र आले, हे त्या निवेदनाचे महत्त्व.

प्रस्तुत संग्रह मिशनऱ्यांची वकिली करत नाही आणि त्यांच्यावर खटलाही भरत नाही. यातले लेखक श्रद्धेने आणि मताने एकसारखे नाहीत. काही चर्चमधले आहेत, काही सत्यशोधक परंपरेतले, काही केवळ इतिहासाचे अभ्यासक. त्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे पाहण्याची दिशा. शाळांची हजेरीबुके, दवाखान्यांची नोंदपुस्तके, ‘ज्ञानोदय’चे जुने अंक, घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणी यांतून घेणाऱ्याचा आवाज शोधायचा, असा सर्वांचा प्रयत्न आहे. ही साधने तोकडी आहेत. मिशनचे अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असत, म्हणून त्यांत धर्मांतरे ठळक आणि नकार फिके. विरोधकांची पत्रके आपल्या वाचकांसाठी, म्हणून त्यांत फसवणूक ठळक आणि उपकार फिके. दोन्हींच्या मधली जागा वाचायला चिकाटी लागते.

यातून जी कसोटी हाती येते ती साधी आहे. नकार दिला तरी औषध मिळते का? प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलीला शाळेत तेवढीच जागा आहे का? घेणारा उद्या देणारा होऊ शकतो का? शारदा सदन, दुष्काळी अनाथालये, मिरज आणि जामखेड ही या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि ती एका शब्दात बसत नाहीत. हीच कसोटी मग मठाच्या वसतिगृहाला, संघटनेच्या आश्रमशाळेला आणि मतदानाच्या तोंडावर योजना वाटणाऱ्या सरकारलाही लावावी लागेल. ख्रिस्ती सेवाकार्याला ती कठोरपणे लावण्याचा अधिकार आपल्याला आहे. मात्र जो स्वतःच्या घरच्या सेवेलाही तीच लावायला तयार असेल, त्याने तो वापरावा.